ताईंनी पॅच किती वर्षं लावायचा

एकशे साठ बाह्या, आणि सगळ्या डाव्या. तुम्ही शिवणकामातले नसाल तर सांगते. कोटाला एक बाही डावी लागते, एक उजवी, आणि ज्या कापडाला सुलट-उलट असतं त्यात डावीची उजवी काही केल्या होत नाही. म्हणून आखताना फर्मा, म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना, एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा पालथा. तो पालथा करायचा राहिला की झालं कल्याण. नवशिक्या माणसाकडून पहिल्या महिन्यात होते ही चूक. आमच्या ताईंकडून झाली, सव्वीस वर्षं कापड कापल्यावर.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. घर एकच, वर ते, खाली आम्ही, आणि कामाची जागाही एकच. कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या माणसांचे गणवेश आम्ही शिवतो. ताई कटिंगच्या टेबलावर, मी काज-बटणांच्या मशीनवर. तिथे त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. सुरुवातीला बाईमाणसाला मास्तर म्हणताना लोकांची जीभ अडखळायची. आता कुणी नवखा ‘बाई’ म्हणाला तर बाकीचे हसतात.

मोजल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. भिंतीला खिळा ठोकायचा तरी टेप निघणार. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते सांगतात की बघायला गेले तेव्हा हिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण नंतर मैत्रिणीला म्हणाली, “पँट दोन सूत आखूड आहे.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दादांनी लग्नाआधी सगळ्या पँटी खाली सोडून घेतल्या म्हणे. आणि माया सोडल्याशिवाय ताई कात्रीला हात लावत नाहीत. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटतो, अंगाने भरतो, त्याला पुढे उसवून सैल करता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालकीणबाई कुरकुरतात की कापड जातं. ताई ऐकून घेतात आणि हवी तेवढी माया सोडतात.

तर अशा बाईने निळ्या जाड कापडाच्या बाह्या सगळ्या डाव्या कापल्या, आणि ते शिवणाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तिला पत्ता नाही. मी मशीन सोडून गेले ती तणतणतच. तोंडाची मी फटकळ, हे जगजाहीर आहे.

“ताई, डोळे काय घरी ठेवून आलात?” सगळ्यांदेखत म्हणाले.

त्या स्टुलावर बसल्या, मानेवरचे केस एका हाताने उचलून धरले आणि दुसऱ्या हाताने त्याच बाहीच्या फर्म्याने वारा घ्यायला लागल्या. खिडकीतून गार हवा येत होती, मी स्वेटर घातला होता, आणि या घामाने निथळत होत्या. हे मी आधी पाहिलेलं होतं, अकरा वर्षांपूर्वी.

तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. अंगावरून इतकं जायचं की टेबलाशी उभं राहता येईना. तपासलं तर पिशवीत गाठी. साध्या गाठी आहेत, पण पिशवी काढलेली बरी, असं ठरलं. ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी दादांना विचारलं, “अंडाशयंही काढायची का?” ती ठेवली तर शरीराला हार्मोन मिळत राहतात, काढली तर एका दिवसात पाळी जाण्याचं वय येऊन बसतं, असं ते म्हणाले असणार. आमच्या डोक्यात शिरलं नाही. सासूबाईंना जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. अंडाशयाचा कॅन्सर. धडधाकट बाई चार महिन्यांत होत्याची नव्हती झाली, आणि शेवटी शेवटी दादा त्यांना लहान मुलासारखं उचलून न्हाणीघरात नेत होते. त्यामुळे अंडाशय हा शब्द कानावर पडला आणि दादा पांढरेफटक पडले. मी म्हणाले, “काढून टाका हो सगळं. नसती ब्याद कशाला पोटात?” ताई आत झोपून होत्या, गुंगीचं औषध दिलेलं. दादांनी सही केली. फॉर्म मी भरला, कारण आमच्या घरात अक्षर माझं चांगलं.

पुढचं दीड वर्ष ताईंना कुणी विचारू नये असं गेलं. भर बोलण्यात अंगाची लाही व्हायची. झोप नाही. सांधे धरलेले. सुई ओवता ओवता रडू यायचं आणि का रडतोय ते सांगता यायचं नाही. आम्ही काय म्हणायचो? “सगळ्या बायकांना होतं, इतकं काय त्यात.” मीच म्हणायचे. मग कुणीतरी एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी हार्मोनचा पॅच लावायला दिला, नखाएवढ्या जाडीचाही नाही, पोटाच्या खालच्या बाजूला चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. महिन्याभरात ताई परत ताई झाल्या. टेबलाशी उभ्या राहून पोरींना ओरडायला लागल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

या वर्षी त्यांना एक्कावन्न पूर्ण झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता निसर्गाने ज्या वयात थांबवलं असतं ते वय आलं. चालू ठेवायचं, कमी करायचं की थांबवायचं, यावर विचार करू या. घाई नाही. तुम्हाला काय वाटतं ते पुढच्या वेळी सांगा.”

घरी येऊन ताईंनी हे सांगितलं मात्र, आणि प्रत्येकाला कंठ फुटला. दादा म्हणाले, बंद कर, दहा वर्षं पुष्कळ झाली. ताईंची लेक परगावी असते, ती फोनवर म्हणाली, “आई, तुला हवं ते कर,” आणि ठेवला फोन. आणि मी! मला कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं, हार्मोन घेणाऱ्या बायकांना कॅन्सर होतोच, असं लाल अक्षरांत. कुणी लिहिलं, खरं की खोटं, देव जाणे. मी ते ताईंना पुढे ढकललं. वर लिहिलं, “वाचा आणि विचार करा.”

बाह्यांच्या त्या दिवशी मी त्यांचा खडूचा डबा उघडला. त्यांना पाणी आणून दिलं होतं आणि हात पुसायला फडकं शोधत होते. डब्यात खडूंच्या खाली पुठ्ठ्याचे पाच तुकडे निघाले, दोऱ्याने बांधलेले. सगळ्यात मोठा पॅचएवढा. पुढचा त्याहून एक सूत कमी. पुढचा आणखी कमी. शेवटचा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख.

“ताई, हे काय?”

“फर्मे,” त्या म्हणाल्या.

“कशाचे?”

“पॅचचे.”

बाईने पॅचचे फर्मे केले होते! दर आठवड्याला एक सूत कापायचा, सगळीकडून सारखा. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पाच आठवड्यांत पॅचचा उरला होता टिकलीएवढा ठिपका, आणि झोप पार गेली होती. मला हसू आलं, रडू आलं आणि संतापही आला, तिन्ही एकदमच.

“अहो, औषध आहे ते, ब्लाउजची पाठ नाही!”

“मग काय करू?” त्या उसळल्याच. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “हे म्हणतात बंद कर. तू लाल अक्षरं पाठवतेस. मला काय मरायची हौस आहे? सासूबाईंचं मी केलंय सगळं. ते मरण मला नको. म्हटलं, हळूहळू संपवून टाकू, कुणाला कळायच्या आत. पण झोप गेली की माझा हात जातो. आणि हात गेला की मी कोण गं? घरी बसून तुमच्या भाज्या निवडू?”

एका बाजूला कॅन्सरची भीती, दुसऱ्या बाजूला कात्री धरणारा हात, आणि मधे ही बाई पाच आठवडे एकटी जागी. आणि मी खालच्या मजल्यावर घोरत होते.

उरलेल्या ताग्यातून उजव्या बाह्या मी आणि दुसऱ्या दोघींनी मिळून कापल्या. ताईंनी आखून दिलं, आम्ही प्रत्येक रेघ दोनदा तपासली. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही आधी बऱ्या व्हा.” ते ताईंना ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. ताई एकटीच जाते म्हणत होत्या. दादा म्हणाले, “असं कसं, मी येतो.” आणि मी कुणी बोलावलं नाही तरी जातेच.

छोटीशी खोली. टेबल, वजनकाटा, पडद्यामागे तपासायचा पलंग. ताईंनी फर्मे टेबलावर मांडले. डॉक्टरबाईंनी ते उचलून पाहिले, चष्मा कपाळावर चढवून.

“कापायचं तर इतकं नेमकं मी कुणाला पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “नशीब, तुमचा पॅच कापला तरी चालणाऱ्या जातीचा आहे. काही पॅच कापले की आतलं औषध एकदम बाहेर येतं. पण ही घाई फार झाली. कमी करायचं तर महिनोन् महिने घेऊन करतात, आणि करायचंच असं कुठे आहे?”

“बंदच करायचं आहे,” दादा म्हणाले. “धोका नको.”

डॉक्टरबाई ताईंकडे बघत होत्या, पण ताईंनी खाली पाहिलं. मग डॉक्टरबाई सांगायला लागल्या. पिशवी काढलेल्या बाईला एकच हार्मोन द्यावं लागतं, दुसरं लागत नाही. या एकट्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलाच तर फार थोडा वाढतो. गोळीने रक्ताच्या गुठळीची भीती असते तशी पॅचने सहसा नसते. हाडांना आधार मिळतो. एक्कावन्नाव्या वर्षी थांबवलंच पाहिजे, असा नियम कुठे नाही. दर वर्षी बसायचं, त्रास किती, फायदा किती, तब्येत कशी, ते बघायचं आणि ठरवायचं.

“मग तुम्ही दर वेळी मला जपून, जपून का म्हणता?” ताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तुमच्या या नोंदीमुळे.” डॉक्टरबाईंनी फाईल चाळली, अगदी तळाच्या कागदापर्यंत. “ऑपरेशनच्या वेळचा फॉर्म आहे. घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर, ‘होय’. म्हणून मी हात राखून असते. कोणाला होता?”

“माझ्या आईला,” दादा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्या? म्हणजे यांच्या सासूबाईंना?”

“हो. आमच्याच घरात. चार महिन्यांत गेली.”

“आणि यांच्या स्वतःच्या आईला? मावशीला? बहिणीला?”

“माझी आई चौऱ्याहत्तरची आहे,” ताई म्हणाल्या. “अजून जिने चढते. मावश्या तीन, सगळ्या भांडायला खंबीर.”

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, “सासूकडून सुनेला दागिने येतात हो. आजार नाही येत. तो रक्ताने येतो.”

मला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. ते ‘होय’ माझ्या अक्षरात होतं. छान गोल, ठसठशीत. फॉर्मवर घराणं विचारलं होतं आणि मी आमचं घराणं लिहिलं. ताईंचं घराणं दुसरं कुठलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चौदा वर्षं झाली होती त्यांना आमच्या घरात येऊन. त्या आमच्याच तर होत्या.

“म्हणजे काढायची गरज नव्हती?” ताईंनी विचारलं.

“ते मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण त्या डॉक्टरांनी हे ‘होय’ वाचलं असणार. त्यांनी कोणाला म्हणून विचारायला हवं होतं. मीही इतकी वर्षं विचारलं नाही, कागदावरचं तसंच पुढे धरून चालले. ती चूक माझी. मी माफी मागते.”

“मी लिहिलं होतं ते,” मी म्हणाले. “ताई, मी लिहिलं. आणि काढून टाका असंही मीच म्हणाले होते.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं. रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत.

“तुम्ही दोघं बाहेर बसा,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण काय ते ठरवायला...” दादा म्हणाले.

“बाहेर बसा.”

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. दार लागलं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊण तास गप्प बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा ताईंचं हसणं ऐकू आलं, छोटंसं, आणि मला कसंतरीच झालं, कारण आत काय चाललंय ते मला माहीत नव्हतं आणि माहीत असायचा हक्कही नव्हता.

त्या बाहेर आल्या. हातात चिठ्ठी.

“चालू ठेवणार आहे,” म्हणाल्या. “परत पूर्ण पॅच. झोप जाग्यावर आली, हात स्थिर झाला, की मग कमी ताकदीचा लावून बघायचा. तपासण्या करायच्या. पुढच्या वर्षी परत विचार.”

“म्हणजे एकंदर किती वर्षं?” दादांनी विचारलं. बिचाऱ्यांनी भीतीनेच विचारलं.

“ते मी सांगेन. डॉक्टरबाईंना.”

दादा, पंचावन्न वर्षांचा माणूस, हुंदके द्यायला लागला. “मला वाटलं तूही जाशील,” म्हणाले. “गाठ म्हटलं की मला आई दिसायची. मला दुसरं काही सुचलंच नाही गं.”

ताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. अशा वेळी त्याच ठेवतात, आमच्या घरात कुणीही रडलं तरी.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाईट असतात तर सोपं गेलं असतं. मला फार राग आलाय. अकरा वर्षांचा आहे, आज संध्याकाळपर्यंत संपणार नाही. तो मला येऊ दे.”

मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू काही बोलू नकोस.”

मी काही बोललेच नव्हते. मान हलवली.

औषधाचं दुकान आवारातच होतं, बाकावरून दिसत होतं. ताई तिकडे चालत गेल्या, चिठ्ठी काचेवर ठेवली, दुकानदाराने काहीतरी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं. दादा सवयीने उठायला गेले. मी त्यांची बाही धरली आणि खाली बसवलं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. त्या बोलावतील तेव्हाच उठायचं होतं.